चार त्यांच्या, एक आपली

नॉरविक आणि सेंट किलियन या दोन गावांमध्ये एकोणीस मैलांचा सरळसोट रस्ता आणि नव्वद वर्षांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. नॉरविकचे लोक ल्यूथरन आणि सेंट किलियनचे कॅथलिक, पण भांडण देवावरून कधीच नव्हतं. ते बास्केटबॉलवरून होतं. आर्लिस हाउगनची सत्तावीस वर्षं नॉरविकच्या शाळेत मुलींना खेळवण्यात गेली, आणि त्यातले निम्मे हिवाळे सेंट किलियनकडून हरण्यात. सकाळी ती गणित शिकवायची, संध्याकाळी सराव घ्यायची आणि बाहेरगावी सामना असला की शाळेची बसही तीच चालवायची. लहान शाळेत एका माणसाला तीन कामं अंगावर घ्यावीच लागतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

त्या वसंतात तिने पुढच्या हंगामाची यादी करायला घेतली आणि पाचव्या नावाशी यादी संपली. त्या पाचव्या मुलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. पाच मुलींनी सामना सुरू करता येतो, पण एकीचा पाय मुरगळला की खेळ खलास. गावात मुली नव्हत्या असं नाही; त्या तिसरी-चौथीत होत्या, आणि खत घालून मुली वाढवायची सोय अजून निघालेली नाही. तिकडे सेंट किलियनमध्ये सातजणी होत्या. जेराल्ड फेटिग हा तिकडचा कोच. वीस वर्षांत सामन्यानंतर हात मिळवण्यापलीकडे दोघांचा संबंध आला नव्हता, आणि हात मिळवतानाही दोघांची नजर भलतीकडे असायची. त्यालाच तिने फोन लावला.

"आर्लिस हाउगन बोलतेय."

"कोण गेलं?" जेराल्डने विचारलं.

"अजून कुणी नाही. पण तुझ्या सात आणि माझ्या पाच अशाच वेगळ्या राहिल्या तर दोन्ही संघ जातील."

मग जेराल्ड म्हणाला, "मी हेच म्हणायला तुला तीनदा फोन उचलला होता. तिन्ही वेळा खाली ठेवला."

जोडसंघ करायचा तर दोन्ही शाळांच्या मंडळांची संमती हवी. सेंट किलियनचे सभासद नॉरविकला यायला तयार नाहीत, नॉरविकचे तिकडे जायला तयार नाहीत. शेवटी बैठका भरल्या त्या बरोब्बर साडेनऊव्या मैलावरच्या पेट्रोल पंपाच्या खानावळीत. तीन बैठका, अकरा किटल्या कॉफी. नाव कुणाचं आधी, यावर पहिली बैठक संपली. मुळाक्षरांच्या क्रमाने नॉरविक आधी येतं असं कुणीतरी दाखवून दिलं, तेव्हा नॉरविकवाल्यांनी असा चेहरा केला, जणू मुळाक्षरं त्यांच्याच आजोबांनी लावली होती. रंगावर दुसरी बैठक. यांचा निळा, त्यांचा तपकिरी. कुणीच मागे हटेना, म्हणून हिरवा ठरला, जो कुणालाच आवडत नव्हता. तिसऱ्या बैठकीत आर्लिस मुख्य कोच आणि जेराल्ड तिचा मदतनीस असं ठरलं. तो म्हणाला, "माझी हरकत नाही. हरलो तर नाव तिचं."

खरी अडचण होती ती एकाच माणसाची, पण तो माणूस ऑरव्हिल सुंडे होता. नॉरविकच्या शाळा मंडळाचा अध्यक्ष, ट्रॅक्टरच्या दुकानाचा मालक, आणि शाळकरी वयात बारा वर्षं आर्लिसच्या मागच्या बाकावर बसलेला. पाच जणांच्या मंडळात दोघे जोडसंघाच्या बाजूने, दोघे विरुद्ध. पाचवं मत ऑरव्हिलचं.

"एक वर्ष," तो शेवटी म्हणाला. "फक्त एक. फेब्रुवारीत पुन्हा मत घेऊ. आणि आर्लिस, हे कुठे जातं ते मला ठाऊक आहे. आधी चेंडू एकत्र, मग वर्ग एकत्र, मग आपल्या शाळेला कुलूप."

"संघ नसला तर मुली बेलफर्डला जातील," आर्लिस म्हणाली. "मग कुलूप लावायला तरी कोण उरणार?"

बेलफर्ड म्हणजे तिथून नव्वद मैलांवरचं मोठं गाव. शाळेत दोन जिम आणि पोहण्याचा तलाव. ऑरव्हिलची नात मारिट नॉरविकची सगळ्यात चलाख खेळाडू होती आणि तिचा बाप बेलफर्डला नोकरी बघत होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ऑरव्हिल टोपी घालून निघून गेला.

वर आणखी एक विघ्न आलं ते राज्याच्या क्रीडा कचेरीतून. त्यांनी दोन्ही शाळांची मुलं बेरजेला धरली आणि बेरीज फुगली म्हणून जोडसंघाला त्यांच्या जुन्या लहान शाळांच्या गटातून उचलून बेलफर्डच्या गटात टाकलं. दोन अशक्त माणसं एका काठीला धरून उभी राहिली तर त्यांना पैलवानांच्या आखाड्यात लोटावं, तसला प्रकार. बेलफर्डवालेही नाकं मुरडत होते. एवढ्याशा पोरींना हरवायला नव्वद मैल बस कशाला हाकायची, असं त्यांचा कोच गटाच्या सभेत म्हणाल्याचं आर्लिसच्या कानावर आलं. फेब्रुवारीत त्याच सभेत पुढच्या दोन वर्षांचं वेळापत्रक ठरायचं होतं. त्याआधी नॉरविकने हो म्हटलं तरच जोडसंघाचं नाव त्यात जाणार. नाही म्हटलं तर नॉरविकच्या मुलींना संघच नाही.

म्हणून आर्लिसने ठरवलं, की कुणाला बोट दाखवायला जागाच ठेवायची नाही. तिने सगळ्याची वाटणी केली. एक आठवडा सराव इकडे, एक तिकडे. बसमध्ये डावीकडे नॉरविक, उजवीकडे सेंट किलियन. पहिल्याच दिवशी पाण्याच्या बाटलीवरून दोघी हमरीतुमरीवर आल्या, तेव्हा तिने सरावातही जिमच्या पूर्वेकडच्या बास्केटवर आपल्या मुली आणि पश्चिमेकडच्या बास्केटवर त्यांच्या अशी रचना केली. सामन्यासाठी जेराल्डकडून तक्ता करून घेतला. दर चार मिनिटांनी कोण आत, कोण बाहेर, दोन्ही गावांना मिनिटाला मिनिट सारखं. तक्ता इतका रेखीव होता की आर्लिसमधली गणिताची बाई खूश झाली.

पहिला सामना डिसेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी, नॉरविकच्या जिममध्ये. नॉरविकचे लोक यजमानांच्या बाजूला बसले. सेंट किलियनचे लोक आयुष्यभर जिथे बसत आले तिथेच, म्हणजे पाहुण्यांच्या बाजूला जाऊन बसले. पंचाने चेंडू उडवला आणि तो आला कोरिन वांगलरच्या हातात. कोरिन सेंट किलियनची, बारावीतली, सहा फुटांना एक इंच कमी. या जिममध्ये ती तीन हिवाळे पाहुणी म्हणून खेळली होती आणि पाहुण्यांचा पहिला हल्ला नेहमी पश्चिमेच्या बास्केटवर असे. सरावातही ती तिथेच नेमबाजी करत होती. ती वळली आणि पश्चिमेला सुसाट निघाली. तिच्यामागे कुणी धावलं नाही. पाहुण्यांच्या बाजूला बसलेलं सगळं सेंट किलियन सवयीने उभं राहून ओरडायला लागलं. कोरिनने अत्यंत देखणी उडी घेतली आणि चेंडू जाळीत टाकला.

आज त्या यजमान होत्या आणि ते बास्केट त्यांनी राखायचं होतं; दोन गुण प्रतिस्पर्ध्यांना मिळाले. जिममध्ये एवढी शांतता पसरली की पॉपकॉर्नचं यंत्र ऐकू येऊ लागलं. मग नॉरविकच्या बाजूने कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, "शाब्बास, अजून सेंट किलियनकडूनच खेळतेय." काही लोक हसले. आर्लिसच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती कुणावर चिडली होती हे तिचं तिलाच कळेना. सामना त्या बेचाळीस-एक्केचाळीस असा हरल्या.

सोमवारी कोरिन सरावाला आली नाही. सराव संपल्यावर आर्लिस गाडी काढून सेंट किलियनला गेली. कोरिन सरावानंतर तिथल्या किराणा दुकानात काम करायची. ती खालच्या फळीवर घेवड्याचे डबे लावत बसली होती.

"आली नाहीस," आर्लिस म्हणाली.

"डोकं दुखत होतं, कोच."

"शुक्रवारपासून?"

कोरिनने दोन डबे लावले. "माझ्यामागे कुणीच धावलं नाही. मला वाटलं, आज मी काय जोरात धावतेय."

आर्लिसला हसू आलं, ते तिने दाताखाली दाबलं.

"मग आमच्या लोकांनी आरडाओरडा केला," कोरिन पुढे म्हणाली. "तेव्हा तर खात्रीच पटली."

"चूक तुझी नाही. तीन आठवडे तुला त्या बास्केटसमोर मीच उभं केलं. भांडणं नकोत म्हणून. सत्तावीस वर्षं मुलींना शिकवतेय आणि माझ्या लक्षात आलं नाही की मी एक नाही, दोन संघ तयार करतेय."

कोरिन उठून उभी राहिली. ती उभी राहिली की आर्लिसला मान वर करावी लागे. "तुमची ती वाटणी मला ओळखीची आहे, कोच. आई-बाबा वेगळे झाले तेव्हा त्यांनीही सगळं असंच मोजून घेतलं. एक शनिवार इकडे, एक तिकडे. नाताळचे सहा तास आईचे, सहा तास बाबांचे. कुणाला राग येऊ नये म्हणून. राग नाहीच आला कुणाला. पण दोन्हीकडे मी घड्याळच बघत असायचे."

दोन घरचा पाहुणा उपाशी, हे आर्लिसने लहानपणापासून ऐकलं होतं. तो पाहुणा कसा दिसतो हे तिला आज समोर दिसत होतं. तिला स्वतःची लाज वाटली. आपण न्याय करतोय असं समजत आपण नुसती भीतीची वाटणी करत होतो, हे तिला त्या डब्यांच्या रांगेत लख्ख कळलं.

"उद्या येशील?" तिने विचारलं.

"कुठल्या बास्केटला?"

"दोन्ही. धावून धावून उलटी होईपर्यंत."

"मग येते," कोरिन म्हणाली आणि पुन्हा डबे लावायला बसली.

दुसऱ्या दिवसापासून आर्लिसने सराव मोडून नव्याने बांधला. प्रत्येक नॉरविकच्या मुलीला सेंट किलियनची जोडीदारीण. मारिटच्या वाट्याला कोरिन आली आणि पहिले चार दिवस दोघी एकमेकींकडे पासही असे फेकत जणू दगड मारतायत. पाचव्या दिवशी मारिटने न बघता पाठीमागून दिलेला चेंडू कोरिनने झेलून टाकला आणि दोघी एकदम थांबल्या. "पुन्हा कर," कोरिन म्हणाली. त्यांनी तो पास त्या संध्याकाळी तीसेक वेळा केला. बसमध्ये टेकला लीन नावाच्या नॉरविकच्या दहावीतल्या मुलीने उजवीकडे बसून पाहिलं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. टेकला अबोल, किडकिडीत, पण बचावात चिवट. समोरच्या मुलीला ती लोचटासारखी चिकटायची. पाहता पाहता जोडसंघ जिंकू लागला. ख्रिसमसपर्यंत तीन, जानेवारीच्या मध्याला सात. हरले ते बेलफर्डकडून, बेलफर्डच्याच जिममध्ये, बावीस गुणांनी. त्यांच्या कोचने हात मिळवताना विचारलं, "परत घरी वेळेत पोचाल ना?"

एक गोष्ट मात्र आर्लिसने बदलली नाही. जेराल्डचा तक्ता. दर चार मिनिटांनी वाटणी चालूच. कारण ऑरव्हिल प्रत्येक सामन्याला येऊन सगळ्यात वरच्या पायरीवर बसायचा आणि छोट्या वहीत पेन्सिलने काहीतरी टिपायचा. काय टिपतो ते त्याने एकदा तिच्या वर्गात येऊनच दाखवलं. आपल्या गावच्या किती मुली आत, किती मिनिटं, आणि त्यांच्या किती.

"आजवर बरोबरीत आहे," तो म्हणाला. "चांगलं चाललंय तुझं. पण ज्या दिवशी आपला काटा खाली जाईल त्या दिवशी मला कळेल की सुरुवात झाली."

"ऑरव्हिल, हा बास्केटबॉल आहे. गव्हाचं वजन नाही."

तो लहान मुलांच्या बाकावर बसला. "माझ्या आईच्या गावात शाळा होती. आधी बँडपथक दुसऱ्या गावाबरोबर केलं. मग बेसबॉल. लोक म्हणाले, त्यात काय एवढं. आईच्या शाळेच्या जागी आता सूर्यफुलं लावतात, आर्लिस. आमच्या दुकानातूनच घेतलेल्या यंत्राने."

तो खोटं बोलत नव्हता. तो गेल्यावर तिने फळा पुसायला घेतला. मुली मात्र तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. बारावीच्या मुली तर शाळा सोडून जातीलच. पण टेकलासारखी पोरगी पुढची दोन वर्षं कुठे खेळणार? सूर्यफुलांच्या भीतीने तिला घरी बसवायचं?

जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी बेलफर्ड नॉरविकला आलं. बाहेर उणे अठ्ठावीस. गाड्या बंद केल्या तर परत सुरू होणार नाहीत म्हणून कित्येकांनी इंजिनं चालूच ठेवलेली. जिममध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. सेंट किलियनचे लोक यावेळी यजमानांच्या बाजूला बसले, कारण पाहुण्यांची बाजू बेलफर्डच्या तीन बसगाड्यांनी भरली होती. नॉरविकवाल्यांना सरकून जागा द्यावी लागली. जाकिटं घातलेली माणसं असल्यामुळे कुणाचा कोपर कुणाच्या पोटात आहे ते कळत नव्हतं. दरवाज्याशी दोन्ही गावच्या बायका खिम्याचे पाव विकत होत्या आणि कुणाच्या खिम्यात साखर जास्त यावरून त्यांचं चाललं होतं. मंडळाची सभा सोमवारी होती.

सामन्याच्या चार सत्रांपैकी पहिल्या तीन सत्रांत बेलफर्ड पुढेच राहिलं. चौथ्या सत्राची आठ मिनिटं उरली तेव्हा अंतर अकराचं होतं. तक्त्याप्रमाणे त्या चार मिनिटांत मैदानावर सेंट किलियनच्या चौघी आणि नॉरविकची एकटी टेकला असं जुळून आलं होतं. आधीच्या सत्रात नॉरविकच्या चौघी खेळल्या होत्या, त्याची ही परतफेड. आणि त्या पाचजणींचं काहीतरी जमलं. टेकला बेलफर्डच्या सर्वात भारी मुलीला असं चिकटली की तिला चेंडूचं दर्शन होईना. कोरिन वरचे चेंडू झाडावरचे आंबे तोडावेत तसे काढू लागली. अकराचे सात झाले, सातचे चार. चार मिनिटं उरली आणि शिट्टी झाली.

जेराल्डने तक्ता पुढे केला. त्याप्रमाणे आता मारिट आणि नॉरविकच्याच आणखी दोघी आत जायच्या होत्या. मारिट अंगातलं जाकीट काढून गुणलेखकाच्या टेबलाशी उभी होती.

आर्लिसने वर पाहिलं. सगळ्यात वरच्या पायरीवर ऑरव्हिल, हातात पेन्सिल. त्याच्या वहीतलं पान तिला इथूनही दिसतंय असं वाटलं. त्याच्या नातीला आत घेतलं तर वही खूश, आणि कदाचित सोमवारी हात वर. न घेतलं तर सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ती आपल्या गावासमोर, मत पडायच्या तीन दिवस आधी, त्यांच्या चार मुली ठेवून आपली एकच ठेवणार होती. हात दाखवून अवलक्षण ते याहून वेगळं काय असतं? मग तिला किराणा दुकानातली कोरिन आठवली, घड्याळ बघणारी.

तिने जेराल्डच्या हातून तक्ता घेतला, खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसली.

"मारिट," ती म्हणाली, "मागे बस."

मारिटला आधी कळलंच नाही. "कोच, माझी पाळी आहे."

"पाळी संपली. ह्या पाचजणींचं जमलंय. बस."

मारिट बाकावर बसली आणि तिने टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला. जेराल्ड खाली वाकून आर्लिसच्या कानाशी म्हणाला, "मी नाताळापासून वाट बघतोय, तू यावर कधी बसतेस."

"मग बोलला का नाहीस?"

"मी मदतनीस आहे. आणि तक्ता करायला मला दोन रात्री लागल्या होत्या."

यजमानांच्या बाजूने कुजबुज सुरू झाली. नॉरविकचे लोक मोजण्यात पटाईत. चार त्यांच्या, एक आपली. एक बाई उभी राहून "अगं आर्लिस, हे काय" असं म्हणालीसुद्धा. आर्लिसने मान वळवली नाही. मैदानावर चारचे दोन झाले, परत पाच झाले. बेलफर्डच्या मुली आता घाई करू लागल्या होत्या. मोठ्या गावच्या पोरींना जिंकायची सवय असते, झुंजायची नसते. दोन मिनिटं उरली तेव्हा आर्लिसला पाठीमागून कुणाचा तरी घसा फाटेस्तोवर आलेला आवाज ऐकू आला. "डावीकडे, कोरिन, तुझ्या डावीकडे दुसरी येतेय." तिने वळून पाहिलं. टॉवेल जमिनीवर पडला होता आणि मारिट बाकावर चढून उभी होती. खाली उतर म्हणायचं आर्लिसला सुचलं नाही.

सहा सेकंद. बेलफर्ड एका गुणाने पुढे. चेंडू कोरिनकडे, बास्केटच्या अगदी खाली, आणि तिच्या अंगावर बेलफर्डच्या तिघी. जिममधल्या प्रत्येक माणसाला वाटलं ती उडी घेणार. बेलफर्डच्या तिघींनाही तसंच वाटलं. कोरिनने उडी घेतली आणि हवेतूनच चेंडू कोपऱ्यात टेकलाकडे टाकला. टेकलाने अख्ख्या हंगामात सहा वेळा बास्केट केलं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, बहुधा दुसऱ्या कुणाला द्यावा म्हणून, आणि कुणीच नव्हतं म्हणून फेकला. चेंडू कड्यावर बसला. कड्यावरून फिरला. बेलफर्डच्या बाजूचे लोक उभे राहिले, नॉरविकच्या बाजूचे तर केव्हापासून उभेच होते. चेंडू आत पडला आणि भोंगा वाजला.

त्यानंतर काय झालं ते आर्लिसला नीट सांगता आलं नसतं. एवढं आठवतं की जेराल्डने तिला मिठी मारली आणि मग दोघंही ओशाळून बाजूला झाले. दोन्ही गावचे लोक मैदानावर उतरले. टेकलाला कोरिनने पोत्यासारखं खांद्यावर टाकलं होतं आणि टेकला खाली सोड म्हणत हसत होती. तिला एवढं हसताना तिच्या आईनेही पाहिलं नव्हतं. बेलफर्डचा कोच हात मिळवायला आला तेव्हा आर्लिस म्हणाली, "नव्वद मैल आहेत. सांभाळून जा." हे तिला शोभलं नाही, पण तिला फार बरं वाटलं. वरच्या पायरीवर ऑरव्हिल नव्हता.

सोमवारी शाळेच्या ग्रंथालयात मंडळ बसलं. जोडसंघाच्या बाजूचे दोघे बोलले, विरुद्ध बाजूचे दोघे बोलले. शुक्रवारच्या विजयाने कुणाचं मत तसूभर हललं नव्हतं. विरोधातला एक म्हणाला, "जिंकलं कोण? सेंट किलियनच जिंकलं." आर्लिस हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला स्पष्ट दिसत होतं की सगळं ऑरव्हिलवर येऊन ठेपलंय, आणि ऑरव्हिलने खिशातून वही काढली होती.

"शेवटच्या सत्रात," त्याने चष्मा लावून वाचलं, "मैदानावर त्यांच्या चार, आपली एक. तू तक्ता मोडलास."

"हो."

"माझ्या नातीला उभं करून परत बसवलंस."

"हो. त्या पाचजणी सगळ्यात चांगल्या खेळत होत्या, ऑरव्हिल. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करेन."

त्याने वही टेबलावर तिच्याकडे वळवली. पानावर मिनिटांच्या रेघा होत्या, नीट आखलेल्या, शाळेत आखायचा तशाच. दोन मिनिटांपाशी रेघा थांबल्या होत्या.

"दोन मिनिटं राहिली तेव्हा ती पोरगी बाकावर चढली," ऑरव्हिल म्हणाला. "तू तिला खेळवलं नव्हतंस, आणि ती सेंट किलियनच्या पोरीसाठी ओरडत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. नंतर घरी जाऊन बघतो तर पुढचं पान कोरं. कुणाच्या किती, मला सांगता येत नाही." त्याने चष्मा काढला. "बाप तिला बेलफर्डला नेतो म्हणत होता. काल जेवताना ती म्हणाली, खुशाल जा, मी आजोबांकडे राहीन. शाळा टिकेल की नाही ते मला अजूनही ठाऊक नाही. पण शाळेत राहायचंय असं म्हणणारी एक तरी मुलगी मला सापडली."

त्याने हात वर केला. तीन विरुद्ध दोन.

आर्लिस बाहेर आली. कपाटांच्या रांगेला पाठ टेकून बाराच्या बारा मुली जमिनीवर बसल्या होत्या, मांडीवर गृहपाठाच्या वह्या. सेंट किलियनच्या सातजणी बर्फातून एकोणीस मैल आल्या होत्या आणि त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कोण कुठल्या गावची ते बसण्यावरून ओळखता आलं नसतं. सगळ्यांनी मान वर केली. आर्लिसने दोन बोटं वर केली.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "पुढची दोन वर्षं नक्की."

मारिटने कोरिनचा हात घट्ट धरला. टेकला मात्र बोटांवर काहीतरी हिशेब करत होती.

"म्हणजे माझी शाळा संपेपर्यंत," ती म्हणाली.

"हो," आर्लिस म्हणाली, आणि तीही त्यांच्यातच जमिनीवर बसली.